ॲट्राझिनचं विरजण

या महिन्यातल्या टपालात तीन पत्रं एकाच पांढऱ्या पावडरीबद्दल आली. तासगावच्या वाचकांची तक्रार आहे की ॲट्राझिन हे तणनाशक जमिनीतून जातच नाही. सिल्लोडच्या वाचकांची तक्रार आहे की ते जमिनीत टिकतच नाही. शिरोळच्या ताईंचं तर विहिरीजवळ सांडलंय. तिघांचीही उत्तरं ते खाणाऱ्या मातीतल्या जिवाणूंपाशी जाऊन थांबतात, म्हणून यावेळी पीक-कीड-खताचे बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. चौथं पत्र यवतमाळचं, छोटंसं, शेवटी घेतलंय.

प्रश्न : स.न.वि.वि. तासगाव तालुक्यात माझी दोन एकर काळी जमीन आहे. आजवर शाळू आणि हरभरा घेत आलो. यंदा जानेवारीत पहिल्यांदाच सुरू हंगामाचा ऊस लावला. चौथ्या दिवशी ॲट्राझिन ५० टक्के मारलं, एकरी अडीच किलो. मार्चअखेर विहीर आटली, ऊस वाळला, मे महिन्यात मोडून टाकला. जूनअखेर सोयाबीन पेरलं. उगवण झकास झाली, पण दोन-तीन पानांवर आल्यावर पिवळं पडून करपायला लागलं. दुकानात 'तणनाशकाचं विष खाणारे जिवाणू' म्हणून लिटरची बाटली मिळते, एकरी एक लिटर सांगतात. घेऊ का? आणि रब्बीत हरभरा येईल का?
— एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : दादा, बाटली आज घेऊ नका. आधी सोयाबीनच्या ओळीत उकिडवे बसा आणि कुठलं पान आधी पिवळं पडलंय ते बघा. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाची कमतरता, चुनखडीच्या काळ्या जमिनीत सोयाबीनला दर पावसाळ्यात होणारा आजार. त्यात ॲट्राझिनचा काही दोष नाही. पण खालची, जुनी पानं कडेकडून पिवळी होऊन आत करपत येत असतील तर तुमचा संशय बरोबर आहे. ॲट्राझिन बियाणं मारत नाही. दाण्याच्या दोन दलांत शिदोरी असते तोवर रोप मजेत असतं. ती संपली, पानाने स्वतः अन्न करायला सुरुवात केली की मुळातून पाण्याबरोबर चढलेलं ॲट्राझिन नेमकं तेच काम बंद पाडतं. म्हणून "उगवण झकास, मग करपलं" हे तुमचं वाक्य वाचूनच मी अर्धी खात्री करून घेतली.

उरलेली अर्धी कुंडीत करा. शेतात आठ-दहा जागी वरची चार बोटं माती घ्या आणि एकत्र करा. तीन कुंड्या भरा, प्लास्टिकचे डबे भोकं पाडून घेतले तरी चालतील. पहिलीत ही माती तशीच. दुसरीत हीच माती, पण त्यात दोन-तीन चमचे ॲक्टिव्हेटेड कोळशाची पूड नीट कालवून. पाणी गाळायच्या यंत्रात असतो तो कोळसा, चुलीतला नव्हे. तिसरीत बांधावरची, कधीच फवारा न पडलेली माती. प्रत्येकीत सोयाबीनचे सहा दाणे टाका आणि कुंड्या भर उन्हात ठेवा, कारण सावलीत ॲट्राझिनचं लक्षण लवकर उमटत नाही. तीन आठवड्यांनी पहिलीतलं करपलं आणि दुसरी-तिसरीतलं हिरवं राहिलं, तर गुन्हेगार सापडला. कोळसा ॲट्राझिन धरून ठेवतो, रोपापर्यंत पोचू देत नाही. पहिली आणि दुसरी दोन्ही सारखीच पिवळी पडली तर मला परत लिहा, मग रोग वेगळा.

आता ते जमिनीत का राहिलं? लेबलवर उसासाठी हेक्टरी जास्तीत जास्त चार किलो पावडर दिलेली असते, म्हणजे एकरी एक किलो सहाशे ग्रॅम. तुम्ही अडीच टाकलंत. त्यातही पंप मारणारा माणूस सरीच्या टोकाला वळताना हात थांबवत नाही, तिथे दुप्पट पडतं. (करपलेले पट्टे बहुतेक टोकांनाच असतील, बघा.) मग विहीर आटली. ॲट्राझिन संपवणारे मुख्यतः मातीतले जिवाणू. ओल गेली की ते झोपी जातात आणि औषध जागच्या जागी बसून राहतं. एप्रिल-मे हे दोन महिने दिनदर्शिकेत मोजा, जिवाणूंच्या हिशेबात मोजू नका. तिसरी गोष्ट, तुमच्याकडच्या भारी जमिनीचा सामू (पीएच) बहुधा आठच्या वर असतो. अशा जमिनीत ॲट्राझिन मातीच्या कणांना कमी चिकटतं, आपोआप मोडतंही कमी, आणि मुळांना जास्त मिळतं. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तुमच्या रानात ते पहिल्यांदाच पडलंय.

इथे जिवाणूंची ओळख करून द्यायला हवी. ॲट्राझिन १९५८च्या सुमाराला स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने बाजारात आणलं. त्याआधी पृथ्वीवर कुठल्याच जिवाणूने ते पाहिलेलं नव्हतं. त्याचा रेणू म्हणजे तीन कार्बन आणि तीन नायट्रोजनचं एक कडं. कड्याला एक क्लोरीन लटकलेला आणि नायट्रोजनच्या दोन शेपट्या. सुरुवातीला जिवाणू या शेपट्याच कुरतडायचे, कड्याला हात लावायचे नाहीत. १९९५ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या मँडेलबाऊम, ॲलन आणि वॅकेट यांनी तणनाशक सांडलेल्या एका जागेच्या मातीतून एक स्यूडोमोनास जिवाणू वेगळा काढला. त्याला त्यांनी 'एडीपी' असं नाव दिलं. हा गडी आधी क्लोरीन काढून तिथे पाण्याचा एक तुकडा बसवतो, मग एक शेपटी, मग दुसरी, आणि शेवटी कडंसुद्धा उघडून आतला नायट्रोजन खातो. मागे राहतो कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिलीच पायरी पुरेशी आहे. क्लोरीन निघाला की उरलेला पदार्थ सोयाबीनला काही करत नाही. या कामाची जनुकं त्या जिवाणूत प्लास्मिड नावाच्या सुट्या चकतीवर असतात. ही चकती एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, शेजारणीने शेजारणीला रेसिपी द्यावी तशी.

तो हे का करतो? पोटासाठी. ॲट्राझिनच्या वजनात जवळपास ३२ टक्के नायट्रोजन असतो. युरियात ४६ टक्के. म्हणजे आपण ज्याला विष म्हणतो ते त्याच्या लेखी बऱ्यापैकी खत आहे. पण कड्यातून नायट्रोजन काढणं कष्टाचं काम, आणि आयतं मिळत असेल तर कष्ट कोण करतो? मातीत युरिया, अमोनिया, नायट्रेट मुबलक असेल तर यातल्या बऱ्याच जिवाणूंची ही जनुकं मंदावतात. तुमच्या एकरी अडीच किलो पावडरीत शुद्ध ॲट्राझिन सव्वा किलो, म्हणजे नायट्रोजन फक्त चारशे ग्रॅम. पीक पिवळं दिसलं म्हणून तुम्ही युरियाचं ४५ किलोचं एक पोतं फेकलंत तर त्यात साडेवीस किलोच्या वर नायट्रोजन आहे. पन्नासपट! ताटात पुरणपोळी वाढल्यावर हाडं चघळायला कोणी बसत नाही. तेव्हा पिवळं दिसतंय म्हणून युरिया टाकू नका. तुम्ही तो टाकून झाला असेल तर रागावत नाही, सगळेच टाकतात.

आता बाटली. हिशेब करू, मला आकडे आवडतात. एकराची वरची अर्धा फूट माती साधारण नऊ लाख किलो भरते. चांगल्या प्रतीच्या द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला दहा कोटी जिवंत जिवाणू धरले, तर लिटरभर बाटलीत दहा हजार कोटी. ऐकायला प्रचंड. भागाकार केला की एक ग्रॅम मातीच्या वाट्याला येतात शंभर-सव्वाशे. त्याच एक ग्रॅम मातीत आधीचे रहिवासी असतात दहा कोटी ते शंभर कोटी, शिवाय त्यांना खाणारे आदिजीव. पंढरपूरच्या वारीत शंभर माणसं सोडून "चंद्रभागा साफ करा" म्हणण्यासारखं आहे हे. शिवाय हे शंभर कोण आहेत? ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे, ट्रायकोडर्मा यांना ॲट्राझिनशी काही देणंघेणं नाही. एडीपीचं क्लोरीन काढणारं एन्झाइम ॲट्राझिन आणि सिमाझिनवर चालतं. मेट्रिब्युझिनवर चालत नाही, कारण त्याच्या रेणूत तो क्लोरीनच नाही. एकेका कुलपाची एकेक किल्ली. म्हणून 'सर्व प्रकारच्या तणनाशकांचे विष काढते' असं छापलेली बाटली दिसली की दुकानदाराला एवढंच विचारा: कुठल्या तणनाशकावर, जिवाणूचं नाव काय, मिलिलिटरला किती, आणि अंतिम तारीख कोणती. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तर तुम्ही घरी या.

मीही यात फसलेली आहे, म्हणून इतकं ठासून सांगते. प्रयोगशाळेत हे काम फार देखणं दिसतं. आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, ताटलीत ॲट्राझिन भरपूर मिसळलं की ते विरघळत नाही, ताटली दुधाळ होते. तीवर माती पातळ करून पसरायची आणि वाट बघायची. माझ्या माहेरी, करवीर तालुक्यात, विहिरीच्या थारोळ्याजवळ वडील वर्षानुवर्षं फवारणीचा पंप धुवायचे. तिथे आधी गवताची काडी उगवत नसे, पुढे पुढे हराळी माजायला लागली. ती हराळी बघूनच मी तिथली माती पिशवीत भरून आणली. आठवड्याने इन्क्युबेटर उघडला तर दुधाळ ताटलीत चार ठिपक्यांभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय पडलेलं, चंद्राला खळं पडतं तसं. त्या दिवशी मी दुपारचा डबा खायला विसरले.

त्या ठिपक्यांची वाढ करून दोनशे लिटर केली आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात ओतली. शेजारच्या तुकड्यात तुलनेसाठी नुसतं पाणी आणि चांगलं कुजलेलं प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यातला रसाचा गाळ. दोन महिन्यांनी दोन्हीकडच्या मातीत कुंडी-परीक्षा घेतली. दोन्ही सारख्याच साफ! माझे दोनशे लिटर कुठे गेले ते मातीलाच ठाऊक. त्या रानात बारा वर्षं ऊस आणि बारा वर्षं ॲट्राझिन होतं. खाणारे आधीच घरात बसलेले होते, त्यांना फक्त ओल आणि कार्बन हवा होता. प्रेसमडने तो दिला. माझ्या विद्यार्थ्यांनी त्या प्रयोगाला 'मॅडमचं तीर्थ' असं नाव ठेवलं होतं, हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं.

तुमच्या रानात मात्र ॲट्राझिन पहिल्यांदाच पडलंय, तेव्हा हे खाणारे तिथे फार थोडे असणार. म्हणून करायचं ते असं. कुंडीत गुन्हा शाबित झाला की करपलेलं सोयाबीन वाचवण्यासाठी १९:१९:१९ खताच्या फवारण्या करत बसू नका. मोडा आणि चाऱ्याचा मका किंवा ज्वारी पेरा. ही दोन्ही पिकं ॲट्राझिन आपल्या अंगातच निष्प्रभ करतात, आणि त्यांच्या मुळांभोवती जिवाणूंची वर्दळ वाढते, तो नफा वेगळा. ताग, धैंचा यांचा बेत आखला असेल तर सोडून द्या, ती सोयाबीनसारखीच करपतील. पेरणीआधी एकरी पाच-सहा गाड्या पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा प्रेसमड टाकून कुळवाने वरच्या अर्ध्या फुटात मिसळा. पाऊस ओढ देईल तेव्हा हलकं पाणी द्या. रान वाफशावर ठेवायचं, चिखल करायचा नाही, कारण या जिवाणूंना हवाही लागते. युरियाचा हप्ता महिनाभर मागे ढकला.

आणि एक प्रयोग, हवा असल्यास, पाच गुंठ्यांवर. शेजारीपाजारी ज्याच्या उसात दहा-बारा वर्षं ॲट्राझिन पडतंय त्याच्या रानातल्या चार पाट्या माती मागून आणा. शेणखताच्या ढिगात मिसळा, ढीग ओलसर ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा आणि तीन आठवड्यांनी पसरा. हे विरजण. हिशेब करणारा वाचक इथे मला धरेल की चार पाट्या मातीतले हे जिवाणू बाटलीतल्यांपेक्षाही कमी भरतील. खरं आहे. पण ते ॲट्राझिनवरच वाढलेले आहेत, ढेकळातल्या फटींत राहायची त्यांना सवय आहे आणि ते तुमच्याच हवामानातले आहेत. विरजणाचा चमचा लहानच असतो, दूध मात्र कोमट लागतं. दूध म्हणजे वरचं सगळं: ओल, कुजलेलं खत, हवा. हुमणी, सूत्रकृमी किंवा हरभऱ्याचा मर रोग असलेल्या रानातली माती आणू नका, नाहीतर एक घालवून दुसरं घरात घ्याल.

हरभऱ्याचं उत्तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा कुंडीत शोधा, यावेळी हरभऱ्याचेच दाणे टाकून. पावसाळाभर ओल टिकली तर बहुतेक हिरवा येईल. करपला तर शाळूच पेरा. तुमची जमीन शाळूला ओळखते.

प्रश्न : आम्ही आठ-नऊ वर्षं खरिपात मका आणि पाणी असेल तर रब्बीतही मकाच घेतो. पूर्वी पेरणीनंतर ॲट्राझिन मारलं की दीड महिना तण डोकं वर काढत नव्हतं. आता पंधरा-वीस दिवसांत रान हिरवंगार होतं. दुकानदार म्हणतो डोस वाढवा. औषध नकली येतंय का?
— एक वाचक, ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वरचं उत्तर वाचून तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल. तासगावकरांना जे हवंय ते तुमच्या रानात भरपूर झालंय. ॲट्राझिन कधीच न पडलेल्या जमिनीत ते अर्धं व्हायला साधारण दोन महिने लागतात. वर्षानुवर्षं पडत आलेल्या जमिनीत अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात ते काही दिवसांत अर्धं झाल्याचं मोजलं गेलंय. तुम्ही नऊ वर्षं दर हंगामाला जिवाणूंना जेवायला घातलंत, त्यांनी संसार वाढवला. डोस वाढवला की पंगत वाढेल, एवढंच.

तरी खात्री करा, कारण दुसऱ्याही शक्यता आहेत. उगवणारं तण लव्हाळा किंवा हराळी असेल तर ॲट्राझिनचा त्यात काही संबंध नाही, ती कांड्या-गाठींतून येतात. फवारलं तेव्हा माती कोरडी असेल तर औषध वरच पडून राहतं. नकली औषधाची शंका कुंडीतच फिटते. बांधावरची माती आणि शेतातली माती अशा दोन कुंड्या करा, दोन्हींत त्याच पुडीतली चिमूटभर पावडर पाण्यात कालवून सारखीच शिंपडा. आठवड्याआड मोहरीचे दाणे टाकत राहा, दोन महिने. पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे मोहरी मेली, म्हणजे औषध अस्सल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेतातल्या मातीत मोहरी जगली आणि बांधाच्या मातीत मेली, तर तुमच्या जमिनीला सवय लागली आहे.

मग दोन वर्षं ॲट्राझिनला सुट्टी द्या. मका घ्यायचाच असेल तर उगवणीनंतर टेंबोट्रिऑनसारखं वेगळ्या गटातलं औषध, लेबलप्रमाणे, किंवा सरळ कोळपणी. त्याहून बरं म्हणजे एक खरीप सोयाबीन-तूर घ्या. तुमच्या रानात ॲट्राझिन मागे उरायची भीती सगळ्यात कमी आहे, हा या भानगडीतला फायदा. तुमच्या मातीची एक गोणी तासगावला पाठवा असं गमतीने लिहिणार होते, पण तुम्ही खरंच पाठवाल. दोन जिल्ह्यांतून माती हिंडवू नका, तिच्याबरोबर रोगही प्रवास करतात.

प्रश्न : मॅडम, आमच्या शेडमध्ये जुलैच्या पावसात पाणी शिरलं. कपाटाखाली ॲट्राझिनच्या अर्ध्या किलोच्या तीन पुड्या होत्या, त्या फुटून पावडर दारातल्या मातीत गेली. विहीर तिथून वीस पावलांवर आहे. तिचं पाणी आम्ही पितो. घरातले म्हणतात भरपूर पाणी सोडून धुऊन काढू. जिवाणू टाकून साफ होईल का?
— एक भगिनी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, पाणी सोडू नका. हे एक वाक्य आधी घरात मोठ्याने वाचून दाखवा. धुतलं की ते सगळं विहिरीत जाईल.

पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिनची मर्यादा आपल्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला दोन मायक्रोग्रॅम आहे. वीस फूट व्यासाच्या विहिरीत पंचवीस फूट पाणी धरलं तर ते सव्वादोन लाख लिटर होतं. तेवढ्या पाण्यात ही मर्यादा गाठायला तुमच्या पुडीतली जेमतेम एक ग्रॅम पावडर पुरते. तुमच्याकडे दीड किलो सांडलीय. जमिनीच्या वरच्या थरात ज्याला जिवाणू महिन्या-दोन महिन्यांत हाताळतात, ते खाली भूजलात पोचलं की दशकानुदशकं राहतं. तिथे अंधार, गारवा आणि खायला कार्बन नाही, खाणारे हात चालवतील कसे? जर्मनीत १९९१ साली ॲट्राझिनवर बंदी आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते तिथल्या भूजलात सापडत राहिलं.

म्हणून पिण्याचं पाणी आजपासून दुसरीकडून आणा आणि विहिरीचा नमुना कीडनाशक-अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. उकळून ॲट्राझिन जात नाही. निकाल येईपर्यंत ते पाणी उसाला द्या, भाजीच्या रोपांना नको.

सांडलेल्या जागेवर आजच प्लास्टिकचा कागद टाकून भोवती मातीचा बांध घाला. पाऊस उघडला की हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून वरची एक वीत माती खरवडा आणि कोरड्या पोत्यांत भरा. ही माती फेकायची नाही. नव्या लागणीच्या उसात एका एकरावर पातळ, सारखी पसरायची आणि त्या एकरात यंदा ॲट्राझिनची फवारणी करायची नाही. तुमच्या तीन पुड्या म्हणजे दीड किलो, एकराची लेबलवरची मर्यादा एक किलो सहाशे ग्रॅम. बरोबर बसतं. अमेरिकेतही औषध-विक्रेत्यांच्या आवारातली अशी माती शेतात लेबलच्या मात्रेने पसरण्याची रीत आहे. जिथे ते मुळात पडायला हवं होतं तिथेच, विरळ करून, खाणाऱ्यांच्या तोंडी द्यायचं.

आता तुमचा जिवाणूंचा प्रश्न. सांडलेल्या जागेवर बाहेरून मदत देण्यात खरोखर अर्थ असतो, शेतात नसेल इतका. १९९७ साली साउथ डकोटा राज्यात सुमारे एक हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलो ॲट्राझिन सांडलं. मातीत काही ठिकाणी २९,००० पीपीएमपर्यंत भरलं, म्हणजे किलोभर मातीत २९ ग्रॅम. तासगावच्या रानात मिसळल्यावर किलोला दीड मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, यावरून कल्पना करा. इतक्या दाट विषात जिवाणू टिकतील की नाही ही शंका होती, आणि जनुकं बदललेला जिवंत जिवाणू मोकळ्यावर सोडायचा का हाही प्रश्न होता. मिनेसोटाच्या मंडळींनी युक्ती केली. एडीपीचं क्लोरीन काढणारं एन्झाइम ई. कोलायमध्ये भरपूर तयार करून घेतलं, मग ते जिवाणू रसायनाने मारून टाकले. एन्झाइम मेलेल्या पेशीत, डब्यात ठेवल्यासारखं, शाबूत. असे मृत जिवाणू मातीत कालवले. आठ आठवड्यांत ॲट्राझिन ५२ टक्क्यांनी उतरलं. जिथे त्याबरोबर फॉस्फेटही दिलं तिथे ७७ टक्क्यांनी, बहुधा फॉस्फेटमुळे मातीतले मूळचे जिवाणूही कामाला लागले म्हणून. ज्या तुकड्यांना काहीच दिलं नाही ते होते तिथेच राहिले. नंतर त्याच जागेच्या मातीतून ॲट्राझिन खाणारा एक वेगळा जिवाणू, आर्थ्रोबॅक्टर, सापडला. तो मुक्कामालाच होता!

पाण्याचंही जमतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये उसाच्या रानातून वाहून आलेलं पाणी साठवलेल्या तळ्यात, सुमारे पंधरा लाख लिटर, असंच एक एन्झाइम सोडलं. चार तासांत नव्वद टक्क्यांहून जास्त ॲट्राझिन गेलं. ते एन्झाइम शिरोळच्या बाजारात मिळत नाही, म्हणून त्याची आशा लावून ठेवत नाही.

खरवडून झाल्यावर उरलेल्या जागेला तुम्ही घरचाच उपाय करा. जुन्या उसाच्या रानातली दोन पाट्या माती, एक गाडी कुजलेलं शेणखत, मूठभर सुपर फॉस्फेट, सगळं कुदळीने एक फुटापर्यंत मिसळा. वर पत्र्याचं छप्पर ठेवा म्हणजे पाऊस झिरपणार नाही, आणि झारीने ओल धरा. पंधरा दिवसांतून एकदा खालीवर करा. चार महिन्यांनी तिथे मेथी टाकून बघा, पण खाऊ नका. मेथी पिवळी पडली तर आणखी दोन महिने. शेड पुढच्या वर्षी भरेल तेव्हा औषधाचं कपाट माळ्यावर असू द्या. तुमच्या तालुक्याला पूर सांगावा लागत नाही.

प्रश्न : शेजाऱ्याने बांधावर टू-फोर-डी तणनाशक मारलं. माझ्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी झाली. मातीत जिवाणू सोडले तर पीक सुधारेल का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. तुमचं औषध मातीत नाही, झाडात आहे. वाऱ्याने उडून आलं, पानावर बसलं, शेंड्यात गेलं. मातीतलं टू-फोर-डी ओल असेल तर काही आठवड्यांत संपतं. लंडनमध्ये ऑडस यांनी १९४९ सालीच दाखवलं होतं की मातीला पहिला डोस पचवायला वेळ लागतो, दुसरा ती लगेच पचवते. जिवाणूंनी तणनाशक खाण्याचा तो फार जुना पुरावा. तुमच्या कपाशीला त्याचा उपयोग नाही. मार हलका असेल तर नव्या फुटीची पानं तीन-चार आठवड्यांत सरळ येतील, पात्या-फुलांची गळ होऊन हंगाम मागे पडेल. शेंडा पूर्ण आकसला असेल तर त्या ओळींचा पंचनामा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) आत्ताच करून घ्या. आणि शेजाऱ्याच्या त्याच पंपाने तुमच्याकडे मावा-तुडतुड्याची फवारणी होणार असेल तर ती थांबवा. पंप नुसत्या पाण्याने धुऊन टू-फोर-डी जात नाही. अमोनियाचं पाणी रात्रभर भरून ठेवून दोन-तीनदा धुवावं लागतं. खरं तर कपाशीसाठी पंपच वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून.